हर्मीस, पाथरवट आणि बाराशे रुपये

गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये तीन रविवारांचा अभ्यासवर्ग झाला. मी तिन्ही रविवार गेले होते. विषय होता हर्मेटिक तत्त्वज्ञान (हर्मीस नावाच्या पौराणिक ऋषीच्या नावावर चालत आलेला गूढ विचार) आणि फ्रीमेसनरी (पाथरवटांच्या संघांतून निघालेली, गुप्त खुणा पाळणारी बंधुमंडळी) यांचं नातं. फी बाराशे, त्यात चहा आणि एक पुस्तिका. वेळ सकाळी दहा ते एक. नाशिकमध्ये रविवारी सकाळी दहाला काही ठेवणारा माणूस एकतर धाडसी असतो नाहीतर बाहेरगावचा, कारण त्या वेळी अर्धं गाव मिसळीच्या रांगेत असतं. सर नाशिकचेच निघाले. आम्ही एकवीसजण होतो, त्यातले सातआठजण मिसळ खाऊनच आले होते आणि साडेअकराला त्यांच्या माना पडायला लागायच्या.

लिहिणारी कोण ते सांगते, म्हणजे माझं कौतुक आणि कुरकुर दोन्ही किती धरायची ते तुम्हाला ठरवता येईल. माझं माहेर तांबट आळीतलं. वडील घागरी आणि बंब घडवायचे, त्या ठकठकीतच मी दहावीचा अभ्यास केला. पुढे एकतीस वर्षं बँकेत, शेवटची नऊ तपासणी खात्यात. भांडं हातात आलं की जोड कुठे आहे ते बोटाने चाचपायचं आणि कोणी काही ठासून सांगितलं की व्हाउचर मागायचं, या दोन सवयी काही जात नाहीत. सरांना त्याचा थोडा त्रास झाला असणार.

सर स्वतः मेसन आहेत. पहिल्या पाच मिनिटांतच त्यांनी ते सांगून टाकलं. "ओळखीच्या खुणा आणि परवलीचे शब्द सोडून काहीही विचारा," म्हणाले. मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलाने लगेच इल्युमिनाटीचं विचारलं. सरांनी चिडचिड न करता उत्तर दिलं: बव्हेरियात १७७६ साली वाइसहाउप्ट नावाच्या प्राध्यापकाने काढलेली संघटना, पुढच्या दहा वर्षांच्या आतच सरकारने बंदी घालून संपवली, त्यांनी मेसनांच्या लॉजमध्ये, म्हणजे स्थानिक शाखांमध्ये, शिरकाव केला होता हे खरं, बाकी तुमच्या मोबाइलमधलं. मुलगा पुढच्या रविवारी आला नाही. त्याचे बाराशे वाया गेले याचं मला वाईट वाटलं, कारण खरी मजा दुसऱ्या रविवारीच होती.

पहिला रविवार हर्मीसचा. हर्मीस ट्रिस्मेजिस्टस म्हणजे त्रिवार महान हर्मीस. ग्रीकांचा हर्मीस आणि इजिप्तचा थोथ या दोन देवांना एकत्र करून झालेला ऋषी. त्याच्या नावावरचे ग्रंथ साधारण पहिल्या ते तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये ग्रीक भाषेत लिहिले गेले. १४६० च्या सुमाराला एक भिक्षू त्यांची हस्तलिखित प्रत घेऊन फ्लॉरेन्सला आला. तिथला धनको कोझिमो दे मेदिची तेव्हा म्हातारा झालेला. त्याने मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाला सांगितलं, प्लेटोचं भाषांतर बाजूला ठेव, आधी हे कर. मरायच्या आत वाचायचं होतं. १४६३ मध्ये भाषांतर झालं आणि १४७१ मध्ये छापून निघालं. तेव्हा सगळे समजत होते की हा हर्मीस मोझेसच्या काळातला, म्हणजे प्लेटोच्याही कितीतरी आधीचा. मग १६१४ साली आयझॅक कॅसोबॉन या पंडिताने दाखवून दिलं की या ग्रंथांची ग्रीक भाषा इतकी जुनी असूच शकत नाही. माझ्या खात्यात अशी कामं पुष्कळ पाहिली आहेत. स्टॅम्पपेपर जुना, शाई नवी.

इथे सरांनी एक चांगली गोष्ट केली. ग्रंथाचं वय कमी झालं म्हणून विचार टाकून द्यायचा नसतो, हे त्यांनी ओरडून नाही, वाचून दाखवून पटवलं. माणूस हे छोटं विश्व आहे, स्वतःला ओळखत ओळखत तो मुळाशी पोचतो, हा त्या ग्रंथांचा गाभा. शिवाय एक 'पाचूची पाटी' आहे, किमयागारांची जणू गीता. तिचा सर्वांत जुना सापडलेला पाठ अरबी आहे, आठव्या-नवव्या शतकातला. बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला आणि पुढे खुद्द न्यूटनने स्वतःच्या हाताने त्याचं इंग्रजी केलं. वर जे आहे ते खाली आहे, हे तिचं प्रसिद्ध वाक्य. ते ऐकताच पंचवटीतले एक ज्योतिषी काका जवळजवळ उभेच राहिले. "म्हणजे पिंडी ते ब्रह्मांडी!" सरांचा चेहरा उजळला. मी वहीत बाजूला एक फुली मारून ठेवली. ती का, ते तिसऱ्या रविवारच्या वेळी सांगते.

पुस्तिकेबद्दल इथेच बोलून घेते. अठ्ठेचाळीस पानं, स्पायरल बाइंडिंग, कागद बरा. पण कॅसोबॉनचं साल १६१४ ऐवजी १६४१ छापलंय. दुसऱ्या कुठल्या विषयात ही किरकोळ चूक ठरली असती. इथे १६१४ आणि १६४१ ही दोन्ही सालं महत्त्वाची (१६४१ चं पुढे येईल), आणि अदलाबदल झाली की सगळा हिशोब उलटा होतो. असे नऊ आकडे मी पेन्सिलीने दुरुस्त केलेत. शिवाय मेसनसाठी सगळीकडे 'गवंडी' लिहिलंय. गवंडी विटा रचतो. मेसनांचे पूर्वज दगड घडवणारे होते, त्याला आपल्याकडे पाथरवट हा सरळ शब्द आहे.

दुसरा रविवार. यासाठी मी बाराशे पुन्हा देईन.

सरांनी भिंतीवर एका जुन्या हस्तलिखिताचं चित्र लावलं. इंग्लंडमधल्या पाथरवटांच्या संघाचं, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं, आज ते कुक हस्तलिखित म्हणून ओळखलं जातं. त्यात धंद्याचे नियम आहेत, उमेदवाराने उस्तादाशी कसं वागायचं वगैरे, आणि नियमांच्या आधी धंद्याची पुराणकथा आहे. बायबलमधल्या लामेखची मुलं होती. एकाने भूमिती शोधली, एकाने संगीत, मुलीने विणकाम, आणि ट्युबल केन नावाच्या मुलाने धातुकाम. म्हणजे आमच्या आळीचा मूळपुरुषच म्हणायचा, मला वडिलांची आठवण झाली. जगावर अग्नीचा नाहीतर पाण्याचा प्रलय येणार हे कळल्यावर या भावंडांनी सगळ्या विद्या दोन खांबांवर कोरून ठेवल्या, एक खांब आगीत न जळणारा, दुसरा पाण्यात न बुडणारा. प्रलय ओसरल्यावर खूप वर्षांनी ते खांब सापडले. एक सापडला पायथागोरसला आणि दुसरा हर्मीस नावाच्या तत्त्ववेत्त्याला.

हॉलमध्ये कोणी काही बोललं नाही. फिचिनोचं भाषांतर १४६३ चं, आणि त्याच्याही आधी इंग्लंडच्या पाथरवटांच्या कथेत हर्मीस खांब शोधतोय! मी हात वर केला, पण सर माझ्याआधीच म्हणाले, "ताई, घाई करू नका. हा हर्मीस फिचिनोचा नाही." मध्ययुगातल्या इतिहासाच्या पोथ्यांमधून आलेला हा नुसता एक शहाणा म्हातारा, विद्या सांभाळणारा. पाथरवटांना आपला धंदा किती जुना आहे हे सांगायला नावं हवी होती, त्यांनी ती उचलली. त्यात किमया नाही की विश्वाचं गूढ नाही. म्हणजे पाटी लागलेली होती, दुकानात माल नव्हता. हे शब्द माझे, पण सरांनी मान डोलावली.

माल कधी भरला, हा पुढचा दीड तास. स्कॉटलंडच्या राजाचा बांधकाम-अधिकारी विल्यम शॉ याने १५९८ आणि १५९९ मध्ये पाथरवटांच्या लॉजसाठी नियमावल्या काढल्या. १५९९ च्या नियमावलीत एक चमत्कारिक कलम आहे: कारागिरांची आणि उमेदवारांची स्मरणविद्येत परीक्षा घ्यावी. छिन्नी-हातोड्याच्या माणसाला स्मरणविद्या कशाला? त्या काळात स्मरणविद्या म्हणजे पाठांतर नाही. मनात एक इमारत उभी करायची, तिच्या खोल्याखोल्यांत आठवणी ठेवायच्या. इटालियन तत्त्वज्ञ जोर्दानो ब्रूनोसारख्या माणसांनी या विद्येला हर्मेटिक रंग दिला होता आणि ब्रूनोचा शिष्य अलेक्झांडर डिक्सन हा स्कॉटिश होता. इतिहासकार डेव्हिड स्टीव्हन्सन यांचं म्हणणं असं की याच वाटेने नवा विचार लॉजमध्ये शिरला. सरांनी लगेच जोडून सांगितलं की हे अनुमान आहे, शॉने तसं कुठे लिहून ठेवलेलं नाही. असं बोलणारा वक्ता मला आवडतो. आमच्याकडे अशा नोंदीवर 'संशयास्पद खाते, पडताळणी बाकी' असा शेरा पडायचा.

त्यानंतर दोन माणसं आली, दोघांचीही तारीख पक्की. रॉबर्ट मोरे, स्कॉटिश फौजेतला अधिकारी, न्यूकॅसल इथे २० मे १६४१ रोजी मेसन झाला. हा माणूस किमयेत रमलेला, पुढे लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या सुरुवातीच्या काळातला अध्यक्ष. मेसन म्हणून त्याने पाच टोकांचा तारा ही आपली खूण घेतली आणि पत्रांत ती काढत राहिला. दुसरा इलायस ॲशमोल, १६ ऑक्टोबर १६४६, वॉरिंग्टन, वेळसुद्धा डायरीत लिहिलीय: दुपारी साडेचार. ॲशमोलने १६५२ मध्ये इंग्लंडमधल्या जुन्या किमया-काव्यांचा जाडजूड संग्रह छापला. म्हणजे घ्या, मेसनही आणि किमयागारही! शेजारच्या बाईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

पण याच डायरीत १६४६ नंतर लॉजचा उल्लेख पुन्हा कधी येतो, तर थेट १६८२ मध्ये. छत्तीस वर्षं काही नाही. हा माणूस डायरीत आपली सर्दी आणि दातदुखीसुद्धा लिहायचा. लॉजमध्ये हर्मीसची गुपितं मिळत असती तर त्याने इतकी वर्षं एक ओळ खरडली नसती का? मला विचाराल तर एकाच माणसाची दोन पासबुकं आहेत, एकातून दुसऱ्यात रक्कम वर्ग झाल्याची नोंद सापडत नाही. मी हे बोलून दाखवलं तेव्हा सरांनी १६३८ मध्ये पर्थ गावच्या कवीने छापलेली ओळ पुढे केली. आम्ही गुलाब-क्रूसाचे बंधू आहोत, आमच्याकडे मेसनांचा परवलीचा शब्द आहे आणि दिव्यदृष्टीही, असा तिचा अर्थ. गुलाब-क्रूस म्हणजे रोझिक्रूशियन, किमया आणि हर्मेटिक विचार मानणारा गूढ पंथ, ज्यांचं पहिलं जाहीरपत्रक जर्मनीत १६१४ साली निघालं. म्हणजे कॅसोबॉनने हर्मीसचं वय उतरवलं त्याच वर्षी. एका दारातून बाहेर काढलेला पाहुणा त्याच वर्षी दुसऱ्या दारातून नवीन कपडे घालून आत! बरं, या ओळीने दोन मंडळांत प्रत्यक्ष देवाणघेवाण होती असं सिद्ध होत नाही. पण लोकांच्या तोंडात ही दोन नावं एकत्र येऊ लागली होती, एवढं नक्की. इथे मी हरले आणि तसं सांगितलंही.

चहाच्या सुट्टीत निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार भेटले. त्यांनी वर्ग का लावला, तर त्यांच्या आजोबांनी इंग्रजांच्या लॉजला 'जादूघर' म्हणून घाबरल्याची गोष्ट लहानपणी सांगितली होती. चहा चांगला होता, आलं भरपूर. कप मात्र इतके छोटे की चार-चार प्यावे लागले.

आता तिसरा रविवार, आणि फुलीचं कारण.

पहिला तास उत्तम होता. १७१७ मध्ये लंडनच्या चार लॉज एकत्र येऊन ग्रँड लॉज झाल्याची परंपरागत कथा आणि काही संशोधक तिचं साल पुढे ढकलतात ते, १७२३ चं अँडरसनचं संविधान, म्हणजे मेसनांचं नियमपुस्तक, त्यात भूमितीचा उदोउदो. किमया नावालाही फारशी नाही. सरांच्या मते, आणि मला ते पटतं, हर्मेटिक माल खऱ्या अर्थाने भरला गेला तो अठराव्या शतकात युरोप खंडावर. फ्रान्स आणि जर्मनीत मेसनांच्या दीक्षेच्या मूळ तीन पायऱ्यांवर वरच्या पायऱ्यांचे मजले चढत गेले. जर्मनीत सुवर्ण-गुलाब-क्रूस नावाचा संघ होता, त्यात शिरायला आधी मेसन असावं लागे आणि सभासद खरोखर भट्टी पेटवून किमया करत. प्रशियाचा राजा फ्रेडरिक विल्यम दुसरा त्यांच्यातलाच. अमेरिकेत १८०१ मध्ये चार्ल्सटनला तेहेतीस पायऱ्यांची रचना पक्की झाली. १८८८ मध्ये लंडनला गोल्डन डॉन हा उघड उघड हर्मेटिक संघ निघाला, त्याचे तिन्ही संस्थापक मेसन. इथे मात्र व्हाउचरं आहेत, थप्पीने.

काही देशांत नव्या उमेदवाराला आधी एका काळ्या खोलीत एकट्याला बसवतात. कवटी, मीठ, गंधक, आणि भिंतीवर व्हिट्रिऑल ही अक्षरं. लॅटिन वाक्याची आद्याक्षरं ती. पृथ्वीच्या पोटात जा, शुद्ध करत राहा, लपलेला दगड सापडेल, असा अर्थ. सर गंभीरपणे थांबले. तेवढ्यात मी म्हटलं, व्हिट्रिऑल म्हणजे मोरचूद आणि हिराकसच ना? तांब्याचं ते मोरचूद, लोखंडाचं ते हिराकस. निफाडचे काका मागून म्हणाले, "मोरचूद? माझ्या शेडमध्ये गोणी पडलीय. चुना घालून बोर्डो करतो, डावणीला." पाच मिनिटं हॉल हसत होता. सरही हसले. मला मात्र त्या क्षणी ती काळी खोली पहिल्यांदा खरी वाटली. लहानपणी आमच्या दारात कल्हईवाला बसायचा. तापलेल्या काळ्या पातेल्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा एक तुकडा आणि कापसाचा बोळा, आणि भांडं आतून चंद्रासारखं. तो धूर ज्याने नाकात घेतलाय त्याला किमया समजवायला पुस्तिका लागत नाही. घडीव दगड आणि ओबडधोबड दगड ही मेसनांची खूण आणि हिणकस धातूचं सोनं ही किमयागारांची, या दोन्हींत काम तेच आहे, स्वतःवर करायचं. नातं असेल तर ते इथे आहे, कारागिराच्या हातात.

आणि मग सर घसरले. शेवटचा दीड तास 'आपल्याकडे हे आधीच होतं' यात गेला. पाचूच्या पाटीचं पिंडी-ब्रह्मांडीशी, तीन पायऱ्यांचं तीन गुणांशी, परवलीच्या शब्दाचं नाथपंथाच्या गुरुमंत्राशी, त्र्यंबकच्या निवृत्तिनाथांचं हर्मीसशी. ज्योतिषी काका टाळ्या वाजवत होते. दोन घागरी सारख्या दिसतात म्हणून एका तांबटाने केल्या असं होत नाही. घागरीचे दोन भाग वेगवेगळे घडवून झाळतात, वरून मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची घडण, नीट झालं की जोड डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागतो. दुसऱ्या रविवारी ज्यांनी मला प्रत्येक जोड बोटाखाली आणून दाखवला, तेच सर आता मठारत सुटले होते.

बरं, नाशिकशी नातंच जोडायचं होतं तर घरातलं होतं की! पांडवलेणीत दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, साधारण दुसऱ्या शतकातला. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने, एक हजार पाऊण दराने. पहिल्या ठेवीचं व्याज वर्षाला दोनशे चाळीस, त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. मी तिथेच तोंडी हिशोब करून दाखवला, पैन् पै जुळतो. हे निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवून नोंदवलंय असंही लेखात आहे. कारागिरांचा संघ म्हणजे काय, त्यावर बाहेरचे बडे लोक का विश्वास टाकतात, हे समजायला याच्याइतकं जवळचं उदाहरण नाही. मोरे आणि ॲशमोल पाथरवटांकडे का गेले, याचं अर्धं उत्तर मला तिथे दिसतं. सर म्हणाले, "हे माझ्या डोक्यातच आलं नाही." प्रामाणिकपणाबद्दल अर्धा तारा वाढवला.

भारतातल्या मेसनरीला शेवटी जेमतेम दहा मिनिटं उरली. माणेकजी करसेटजी पॅरिसला मेसन होऊन आले तरी मुंबईच्या गोऱ्यांच्या लॉजमध्ये त्यांना जागा मिळेना. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी हिंदी लोकांसाठी रायझिंग स्टार ही लॉज काढली. आज भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब एकाच वेदीवर ठेवतात. यावर एक अख्खा रविवार हवा होता, निवृत्तिनाथांच्या जागी.

पाचपैकी साडेतीन तारे, त्यातला तो अर्धा वर सांगितलेला. कोणी जावं? ज्यांना तारखा ऐकायला कंटाळा येत नाही त्यांनी. गूढ अनुभव, चक्रं, मोबाइलवरचे त्रिकोणातले डोळे हवे असतील तर बाराशेत मिसळीच्या आठ-दहा प्लेटा येतील. लिफ्ट नाही, जिना अरुंद आहे, गुडघेवाल्यांनी आधी विचार करावा. गाडी गल्लीत लावू नका, समोरच्या बंगल्यातले आजोबा खरंच हवा सोडतात.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. दुरुस्त केलेली पुस्तिका मी सरांना देऊन आले, नवी छापतील असं म्हणालेत. देणार असतील तर कॅसोबॉनचं पान आधी उघडून बघा, १६१४ असेल तरच घ्या. आणि खुर्च्या लोखंडी आहेत, बसायला उशी घरूनच न्या.